घराने सांभाळलेले भय

मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यातल्या जामसावळीला मारुतीची मूर्ती उभी नसून निजलेली आहे. मंगळवारी-शनिवारी तिथे पांढुर्णा, छिंदवाडा, बैतूल, नागपूर अशा चहूकडून माणसे येतात. कोणी नवस फेडायला आलेले असते, तर काही कुटुंबे घरातले एखादे 'बिघडलेले' माणूस सोबत घेऊन आलेली असतात. कोणी घुमते, कोणी ओरडते, कोणाला रात्र-रात्र झोप नसते. श्रद्धा ज्याची त्याची, तिच्याशी इथे वाद घालायचा नाही. पण आरोग्याच्या नजरेने पाहणाऱ्याला एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्या आजाराने घरादाराला त्रास होतो, त्याला घर उचलून कुठे तरी नेते. आधी देवाकडे नेते, तिथे गुण आला नाही तर नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. जो कोणालाच त्रास देत नाही, त्याला कोणी कुठेही नेत नाही.

पुढच्या पानांचा विषय हा दुसरा माणूस आहे. शाळेत त्याला उत्तर येत असते, पण हात वर होत नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेच्या दिवशी नेमका त्याला ताप भरतो. लग्नाच्या मांडवात तो आपणहून वाढायला उभा राहतो, कारण हातात भांडे असले की कोणी गप्पांना थांबवत नाही. मुलाखतीचे पत्र आले तर घरच्यांपासून लपवतो. चाळिशी येईपर्यंत गावात त्याची ओळख 'फार शांत, गरीब स्वभावाचा' अशी पक्की झालेली असते, आणि तसे म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. त्या शांतपणाच्या आत काय चालले आहे ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसते. समोरच्याच्या कपाळावर आठी पडली का, आपण बोललो तेव्हा कोणी हसले का, त्याने फोन उचलला नाही म्हणजे आपण नकोसे झालो का, असा हिशेब तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत आणि वर्षानुवर्षे चालू असतो.

मानसोपचारशास्त्र या अवस्थेला अव्हॉइडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणते. मराठीत त्याला परिहारी व्यक्तिमत्त्वविकार म्हणता येईल. मूळ इंग्रजी नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थिओडोर मिलन यांनी 1969 मध्ये दिले, आणि 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. निरीक्षण मात्र जुने आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट क्रेचमर यांनी 1921 मध्येच लिहून ठेवले होते की माणसांपासून दूर राहणाऱ्यांत दोन वेगळ्या जातकुळ्या असतात. काही जणांना इतरांविषयी फारसे काही वाटतच नाही, आणि काहींना सोसवणार नाही इतके वाटते. मिलन यांनी हाच धागा पुढे नेला. कोपऱ्यात दोन माणसे गप्प बसलेली असतात. एकाला सोबतीची गरजच भासत नाही. दुसऱ्याचा जीव सोबतीसाठी तुटतो, पण जवळ गेलो की आपले खरे रूप उघडे पडेल आणि लोक तोंड फिरवतील या धास्तीने तो जागचा हलत नाही. परिहारी म्हणतात तो हा दुसरा. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, म्हणून गाव दोघांनाही माणूसघाणे ठरवून मोकळे होते. दुसऱ्याच्या बाबतीत हा सरळ अन्याय आहे.

निदानासाठी सात लक्षणे सांगितली आहेत. त्यांतली किमान चार तरुणपणापासून आणि आयुष्याच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत सतत दिसली पाहिजेत. टीका होईल म्हणून माणसांशी संबंध येणारी कामे टाळणे, आपण आवडतो आहोत याची खात्री पटल्याशिवाय कोणाशी जवळीक न करणे, जवळच्या नात्यातही मन आवरून राहणे, नकाराच्या विचाराने सतत व्यापलेले असणे, नव्या माणसांपुढे आक्रसून जाणे, आपण अडाणी, कुरूप, कमी आहोत अशी पक्की समजूत, आणि फजिती होईल म्हणून कोणतीही नवी गोष्ट करून न पाहणे. पुस्तकातली ही यादी कोरडी वाटते. ती पांढुर्ण्याच्या मातीत उतरवून पाहिली म्हणजे तिचे वजन कळते.

हा संत्र्याचा पट्टा आहे. आंबिया बहार असो की मृग, झाडावरचा माल उभ्या बागेसकट व्यापाऱ्याला देण्याची रीत इथे रुळलेली आहे. व्यापारी येतो, धुऱ्यावरून बाग फिरतो, फळाच्या आकाराला नाक मुरडतो आणि एक आकडा सांगतो. खरा व्यवहार त्यानंतर सुरू होतो. 'नाही परवडत' म्हणायचे, शेजारच्या बागेचा भाव काढायचा, पाठ फिरवून चार पावले चालायचे, पुन्हा बोलावून घ्यायचे. या विकाराने ग्रासलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. झाडांची निगा त्याच्याइतकी कोणी राखत नाही. छाटणी, ताण, पाणी, फवारणी सगळे वेळेवर. पण व्यापारी समोर उभा राहिला की त्याच्या घशाला कोरड पडते. आपण जास्त मागितले आणि हा माणूस हसला तर? गावभर सांगत सुटला तर? तो पहिल्या आकड्याला मान डोलावतो. वर्षभराच्या घामाची किंमत दोन मिनिटांत ठरते, आणि ती मालावरून ठरत नाही, त्याच्या भयावरून ठरते. पुढच्या वर्षी व्यापाऱ्याला माणूस कळलेला असतो, म्हणून पहिला आकडाच आणखी खाली येतो. घरात कुरबूर होते, भाऊ बोलतो, आणि 'आपण कोणत्याच लायकीचे नाही' या त्याच्या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो. विकार असा स्वतःच स्वतःला पोसतो. टाळल्यामुळे त्या घटकेला सुटका होते, पण टाळल्यामुळेच अनुभव येत नाही, अनुभव नसल्याने कौशल्य येत नाही, आणि कौशल्य नसल्याने भय खरे ठरत जाते.

सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या कारखान्यातही हेच घडू शकते, फक्त वेगळ्या कपड्यांत. चांगले काम करणाऱ्या माणसाला सुपरवायझर करायचे ठरते. पगार वाढणार असतो, पण दहा जणांना कामे सांगावी लागणार असतात. तो 'मला जमणार नाही' म्हणतो आणि पुन्हा मशीनपाशी जाऊन उभा राहतो. साहेब म्हणतात, महत्त्वाकांक्षाच नाही.

बाईच्या वाट्याला हे आले तर ते ओळखू येणे आणखी कठीण. मान खाली घालून बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी आपल्याकडे संस्कारी ठरते. पाहायला आलेल्या पाहुण्यांना ती पसंत पडते ती नेमकी त्या गोष्टीसाठी, जिने तिला आतून पोखरले आहे. सासरी गेल्यावर तिला बचत गटाच्या बैठकीत दोन वाक्ये बोलायची असतात, बँकेत सही करायची असते, मुलाच्या शाळेत शिक्षकांना भेटायचे असते. ती दरवेळी जावेला किंवा नवऱ्याला पुढे करते. घरच्यांनाही त्यात काही गैर वाटत नाही. तिने स्वतःबद्दल काय ठरवून टाकले आहे, हे कोणी विचारलेले नसते.

इथे या विषयाच्या गाभ्याशी येता येते. अमेरिकेत किंवा नॉर्वेत असा माणूस मोठा झाला की अनेकदा एकटा राहू लागतो. त्याचे एकटेपण त्याला स्वतःला टोचते आणि डॉक्टरलाही दिसते. आपल्याकडे तो एकटा पडतच नाही. आई त्याच्या वतीने उत्तरे देते, थोरला भाऊ व्यवहार करतो, काका नोकरीसाठी शब्द टाकतात, लग्नदेखील त्याने तोंड न उघडता जमून जाते. हे सारे मायेपोटीच होते, आणि या मायेला कमी लेखण्याचा इथे मुळीच हेतू नाही. एकत्र कुटुंबाने अशी कितीतरी माणसे जगवली आहेत. पण मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर वेळेत उतरवले नाही तर आतले स्नायू वाळतात, तसेच काहीसे या सांभाळण्याने होते. आणि हे प्लास्टर एक दिवस आपोआप गळून पडते. वडील जातात. भावांची वाटणी होते. बायको आजारी पडते. पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा तलाठ्याकडे, बँकेत, मुलीच्या सासरी एकट्याने जावे लागते, आणि तो कोलमडतो. तेव्हा तो डॉक्टरकडे पोचतो, पण 'डिप्रेशन' म्हणून किंवा दारूमुळे. चारचौघांत जाण्याआधी दोन घोट घेतले की जीभ सैल होते, हा शोध अशा अनेकांना तरुणपणीच लागलेला असतो. डॉक्टर दारूवर उपचार करतात. त्याखालच्या भयाची चौकशी क्वचितच होते.

घरच्यांचे सांभाळून घेणे आणि भय यांचा संबंध अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी चिंताविकार असलेल्या 124 मुलांवर एक प्रयोग केला. निम्म्या मुलांवर नेहमीप्रमाणे मानसोपचार झाले. उरलेल्यांच्या बाबतीत मुलांना हातही न लावता फक्त आईवडिलांना शिकवले गेले. मुलाच्या वतीने बोलणे, त्याच्यासाठी वाट बदलणे हळूहळू कसे कमी करायचे, आणि ते करताना 'तुला अवघड जाते आहे हे आम्हाला कळते, आणि तू हे निभावशील असा आम्हाला विश्वास आहे' हे त्याला कसे सांगायचे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतल्या मुलांना सारखाच गुण आला. ही मुले व्यक्तिमत्त्वविकाराची नव्हती, हे खरे. पण घर जर भयाला आधार देऊ शकते, तर तेच घर त्याच्यावरचे औषधही होऊ शकते, एवढे त्यातून नक्की समजते. पांढुर्ण्यासारख्या गावात, जिथे मानसोपचारतज्ज्ञ कमी आणि नातलग भरपूर, ही बातमी फार मोलाची आहे.

अशी माणसे किती असतील? अमेरिकेत 2001-02 मध्ये 43 हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे 2.4 टक्के निघाले. ऑस्लो शहरातल्या 2001 च्या अभ्यासात ते 5 टक्क्यांच्या आसपास होते. भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यासाठी निवडलेल्या 12 राज्यांत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत दर दहांपैकी सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. परिहारी व्यक्तिमत्त्व मोजण्याची सोय मात्र त्या सर्वेक्षणात नव्हती. म्हणजे ज्या पाहणीत मध्य प्रदेशाचा समावेश होता, तिच्यातही हा शांत माणूस मोजणीबाहेर राहिला. 2011 च्या जनगणनेत पांढुर्णा शहराची लोकसंख्या सुमारे 45 हजार होती. अमेरिकेचे प्रमाण इथे लावले, तर एकट्या या शहरात प्रौढांमध्ये सातशेच्या घरात अशी माणसे निघतील. हा अदमास आहे, त्याला आकडेवारीचा मान देऊ नये. पण प्रत्येक वॉर्डात अशी काही माणसे असतील, इतके त्यावरून म्हणता येते.

आता एक इशारा आवश्यक आहे, कारण असे काही वाचले की प्रत्येक अबोल माणसावर चिठ्ठी चिकटवायचा मोह होतो. लाजाळूपणा हा आजार नव्हे. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत केलेल्या पाहण्यांत सुमारे 40 टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटले होते. एकांत आवडणे हाही आजार नव्हे.

मराठी वाचकाला याचे सर्वांत मोठे उदाहरण घरचेच आहे. कथाकार जी. ए. कुलकर्णी 1923 मध्ये बेळगाव भागातल्या एकसंबा इथे जन्मले आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी धारवाडला इंग्रजी शिकवण्यात घालवला. सभा-संमेलने त्यांनी कटाक्षाने टाळली, भेटायला येणाऱ्यांना दूर ठेवले, काळ्या चष्म्याआड राहिले. 'काजळमाया'ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही त्यांनी परत केला. या वर्णनावरून त्यांना कोणी परिहारी म्हणेल, आणि ते साफ चुकीचे ठरेल. कारण हाच माणूस पत्रांतून भरभरून बोलत होता. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे दोन माणसांनी मन उघडे करण्याचा मराठीतला एक उंच नमुना आहे, आणि जी. एं.च्या पत्रांचे पुढे कित्येक खंड निघाले. त्यांनी कथा छापल्या, म्हणजे टीकेसाठी मान पुढे केली. वर्गात उभे राहून वर्षानुवर्षे शिकवले. माणसे किती जवळ येऊ द्यायची हे ते स्वतः ठरवत होते. परिहारी माणसाला तो निर्णय घेता येत नाही, त्याच्यासाठी तो भय घेते. गेलेल्या माणसाचे निदान करण्याचा अधिकार कोणालाच नाही, पण निवडलेला एकांत आणि लादला गेलेला एकांत यांतला फरक समजण्यासाठी जी. एं.इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडत नाही.

दुसरा इशारा याहून गंभीर आहे. काही माणसे चारचौघांत बोलत नाहीत, कारण बोलल्यावर त्यांचा खरोखर अपमान झालेला असतो. जातीवरून, गरिबीवरून, गोंडी वळणाच्या बोलीवरून, रंगावरून हसणारे लोक हा त्यांचा भास नसतो. अशा माणसाच्या सावधपणाला विकार म्हणणे म्हणजे मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्याला औषध देणे. निदान करणाऱ्याने आधी विचारले पाहिजे की हा धोका मनातला आहे की अंगणातला. अनेकदा दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. लहानपणी जे खरे होते तेच मोठेपणी, धोका संपल्यावरही, आत चालू राहते.

भाषेचा प्रश्नही इथे येतोच. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसे हिंदी राज्याच्या दक्षिण काठावर उरली. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी ही विभागणी तशीच आहे. बहुतेक मुले दोन्ही भाषांत सहज वावरतात. पण जन्मतःच बुजऱ्या असलेल्या मुलाला वर्गात हिंदीतले लिंग चुकल्यावर पिकलेला हशा आयुष्यभर ऐकू येत राहू शकतो. आणि पुढे हाच माणूस मदत मागायला गेला, तर मनातले सर्वांत अवघड असे काही त्याला दुसऱ्या भाषेत, अनोळखी माणसापुढे सांगावे लागते. ज्याचा आजारच बोलण्याच्या भयाचा आहे, त्याच्यासाठी हा अडथळा लहान नाही.

हा विकार येतो कुठून? त्याचा काही भाग जन्मासोबत येतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांना चार महिन्यांच्या बाळांपैकी साधारण पाचवा हिस्सा नवे आवाज, नवी खेळणी पाहून जास्त बिथरणारा आढळला, आणि यांतली बरीच बाळे पुढे बुजरी झाली. पण त्यांतली बहुतेक आजारी पडली नाहीत, हेही केगन यांनीच दाखवले. नॉर्वेतल्या जुळ्या बहिणींच्या 2007 मधल्या अभ्यासाने सुचवले की सोशल फोबिया, म्हणजे चारचौघांत जाण्याचे तीव्र भय, आणि परिहारी व्यक्तिमत्त्व यांची आनुवंशिक मुळे एकच आहेत, कोणाला यांतले काय होईल हे मात्र प्रत्येकीच्या वेगळ्या अनुभवांवर ठरते. असा अनुभव म्हणजे हेटाळणी, सतत केली जाणारी तुलना, जवळ न घेतले जाणे. 'शेजारचा बघ कसा बोलतो' हे वाक्य घराघरांत सहज म्हटले जाते. कणखर मूल ते झटकून टाकते. बिथरणाऱ्या स्वभावाचे मूल त्यावर आपल्याबद्दलचे मत बांधते. म्हणून यात एकट्या आईबापांना दोषी धरणे जितके चूक, तितकेच घराचा काहीच वाटा नाही म्हणणेही चूक.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकारांची वेगवेगळी नावे बहुतांशी काढून टाकली आहेत. आता विकार किती तीव्र आहे ते पाहायचे, आणि त्यात चिंता, अलिप्तता यांसारख्या छटा किती आहेत ते नोंदवायचे. हा बदल योग्य वाटतो. नावाचा शिक्का बसला की माणूस कायमचा तसाच असे लोक धरून चालतात. अमेरिकेत 1996 पासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात उलट चित्र दिसले. अनेकांची लक्षणे काळानुसार इतकी कमी झाली की निदान लागू होईना. कामातले आणि नात्यांतले अडखळणे मात्र त्यामानाने सावकाश सुटले.

उपचारांबद्दल पुढे सविस्तर येईल, इथे त्यांची दिशा तेवढी सांगायची. या विकारासाठी खास असे कोणतेही औषध नाही. सोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर औषधांचा उपयोग होतो, आणि डॉक्टरांनी दिली तर ती घ्यावीत. मुख्य काम बोलण्याने आणि करून पाहण्याने होते. नेदरलँड्समध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा चांगला फायदा दिसला. तिथेच 2014 मध्ये 323 रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, लहानपणी पक्क्या झालेल्या समजुतींवर काम करणारी स्कीमा उपचारपद्धती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली.

करून पाहण्याची गोष्ट निघाली की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस आठवतात. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची इतकी धास्ती वाटे की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात त्यांनी स्वतःला कामच लावून घेतले: महिनाभर, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचे आणि बोलायला सुरुवात करायची. शंभरजणींशी ते बोलले. त्यातून भेटायला यायचे कबूल केले एकीनेच, आणि तीही आली नाही. पण नकाराने माणूस मरत नाही, हे त्यांना शंभर वेळा कळले. 1955 मध्ये त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच अनुभवाच्या खांद्यावर उभी आहे. ती मराठीत आणली कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ते ती शिकले आणि पुढच्या पिढीला त्यांनी शिकवली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि 1990 मध्ये ठाण्यात सुरू झालेली त्यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था त्याच परंपरेतली. फडक्यांमुळे या उपचाराचे बोलणे आज मराठीत उपलब्ध आहे, आणि सौंसरच्या माणसाला ते परक्या भाषेतून ऐकावे लागत नाही.

मात्र एलिसची गोष्ट जशीच्या तशी कोणावर लादू नये. ते लाजाळू होते, पण जिद्दीही होते. परिहारी माणसाला पहिल्याच दिवशी शंभर अनोळखी माणसांपुढे ढकलले तर तो पुन्हा घराबाहेरच पडणार नाही. त्याची पायरी लहान असते. आज किराणा दुकानात स्वतः सुटे पैसे मागायचे. पुढच्या आठवड्यात नातलगाचा फोन स्वतः उचलायचा. नंतर कधीतरी संत्र्याच्या व्यापाऱ्याला फक्त 'उद्या सांगतो' म्हणायचे आणि ते म्हटल्यावर काय झाले ते घरी येऊन सांगायचे. घरच्यांनी तेव्हा शाबासकीचा गाजावाजा करू नये, कारण त्यालाही तो बिचकतो. 'बरे झाले' एवढे पुरते. आणि पाय मागे घेतला तर टोमणा मारू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, एकमेकांवर दगड फेकण्याची गोटमार होते, आणि या भागाच्या धाडसाची चर्चा देशभर होते. त्याच दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या एखाद्या घरात कोणी आतल्या खोलीतून बाहेर यायला धजत नसते. त्याचे धाडस कोणी मोजत नाही. पाहुण्यांसमोर पाच मिनिटे बसणे त्याला नदीच्या पात्रात उतरण्याहून सोपे नसते. हे ज्या दिवशी घरच्यांना पटेल, त्या दिवसापासून त्यांचे त्याच्याशी बोलणे बदलेल.

मदतीच्या वाटा आहेत. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर. तिथले मनोरुग्णालय 1864 चे, म्हणजे दोन्ही राज्ये वेगळी होण्याच्या कितीतरी आधीपासून या भागाचेही. शिवाय नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि 2019 पासून छिंदवाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातही जाता येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. आणि ज्याला दवाखान्याची पायरी चढणेच अशक्य वाटते, त्याच्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली मानस ही मोफत सेवा दिवसरात्र चालू आहे. क्रमांक 14416. तिथे चेहरा दाखवावा लागत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, आणि मराठीत बोलता येते.

हे वाचताना कोणाची तरी आठवण झाली असेल: चुलतभावाची, जावेची, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलीची, किंवा स्वतःची. त्या माणसाच्या वतीने उत्तर देणे या आठवड्यात एकदा तरी थांबवा. प्रश्न विचारा आणि तो बोलेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, वाट पाहा. आणि तो तयार असेल तर 14416 हा क्रमांक त्याच्याजवळ बसून लावा, पण बोलू त्यालाच द्या.